दोन बोटांची जागा

लेकीनं गोठ्याचं फाटक उघडलं तसा घंट्यांचा एकच गलका उठला. ती फाटकाला टेकून ऐकत राहिली. मेंढ्यांच्या जड घंट्या होत्या, शेळ्यांच्या हलक्या होत्या; पण तिरळीची ती उतावळी किणकिण काही कानावर येईना.

"आई, तिरळी कुठाय?"

"असेल तिथंच. जाणार कुठं?" आई चारा टाकता टाकता म्हणाली.

तिरळी कोपऱ्यात उभी होती, मान ताठ धरून. मान हलली तर घंटी वाजेल. वडिलांनी तिच्या गळ्यात पट्टा बांधला तेव्हा ती एवढंसं करडू होती. मग ते आजारी पडले, घर दवाखान्याच्या वाऱ्यांत अडकलं, आणि तिरळी आपली वाढत राहिली.

वडील दर आठवड्याला एकेकीच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघायचे. जागा राहिली नसेल तर गाठ सैल करायची. "तुझ्या आईच्या घड्याळाचा पट्टा मी असाच मापला," ते लेकीला सांगायचे, "म्हणून तर अजून टिकून आहे." आई आतून ओरडायची, "घड्याळ की मी?"

ते गेल्यावर आईनं एकच बजावलं होतं: त्यांनी बांधलेल्या पट्ट्यांना कुणी हात लावायचा नाही. ती दुसरं काहीच मागत नव्हती, म्हणून लेकीनं ते मुकाट्यानं पाळलं.

आता तिनं तिरळीच्या गळ्याशी हात नेला. बोट आत शिरेना. केस ओले, चिकट होते आणि वास येत होता.

"पट्टा कापावा लागेल, आई."

"कापायचा नाही. गाठ सोड."

"गाठ मांसात रुतलीय."

"पाणी लाव, मऊ पडेल." आईचा आवाज चढला. "तुला तर सगळं फेकायचीच घाई. आधी त्यांची गादी काढलीस, मग चपला. आता हे."

लेकीनं आईचा हात धरला आणि तिरळीच्या मानेवर ठेवला. आईनं चाचपलं. हात मागे घेतला, बोटांकडे बघितलं. मग खाली बसून तिरळीचं डोकं गुडघ्यांत धरलं.

"काप. पातं बाहेरच्या बाजूला ठेव."

लेकीनं सुरीनं पट्टा कापला तरी सुटेना. सोलून काढावा लागला. तिरळी माणसासारखी किंचाळली. घंटी एकदाच वाजली आणि गवतात पडली. खाली गळाभर लाल खाच होती.

"जगेल ना गं?" आईनं विचारलं.

"डॉक्टरांना बोलावते. येईपर्यंत कोमट पाण्यानं धुऊ."

आई उठली नाही. तिची नजर तिरळीच्या जुळ्या बहिणीवर होती. "हिचा बघ."

लेकीनं दोन बोटं घातली. ती कशीबशी गेली. "हिचा ठीक आहे."

"तुझी कसली बोटं, नुसत्या काड्या. तीन घाल. त्यांची जाड होती."

तिसरं बोट जाईना.

आईनं गवतातून सुरी उचलली, पदराला पुसली आणि म्हणाली, "धर हिला."