दहा पौंडांची चाकोरी

डांबरी रस्ता संपतो तिथे, कडुनिंबाखाली, निघण्याआधी मी सगळं मोजून घेतलं. ट्रॅक्टर एक. टायर चार, त्यांतले नळ्या जोडलेले दोन, मागचे. नळ्या दोन, लाल, ट्रकच्या ब्रेकला असतात तशा, चाकाच्या मध्यावर फिरत्या सांध्याने बसवलेल्या. हवेची टाकी एक, कॉम्प्रेसर एक, दोन्ही भंगारातल्या ट्रकमधून काढलेले. सीटच्या उजव्या हाताला दांडे दोन आणि मीटर दोन, एकेका चाकाचं एकेक. मागे नऊ दात्यांचं पेरणीयंत्र आणि त्याच्या पेटीत हरभऱ्याचं पस्तीस किलो बियाणं, बाकीचं आधीच वावरात पोचवलेलं. मोटारसायकल एक. माणसं चार. दोन्ही मीटरांवर हवेच्या दाबाचा आकडा एकच होता: चोवीस पौंड.

सीटवर सुवर्णावहिनी होत्या. त्यांचे सासरे गुलाबकाका डाव्या मडगार्डवर बसले होते, हातात काठी. मोटारसायकल प्रज्वलची. तो जळगाव जामोदला ट्रक आणि जीपची दुरुस्ती करतो आणि ही सगळी जोडणी त्यानेच केली होती. मी त्याच्या मागे बसले. मी तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीत माती तपासायचं काम करते. या पेरणीत माझं काम मोजमापाचं होतं.

जोडणीमागचा हिशेब सोपा आहे. टायरात हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो. तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि माती कमी दबते. डांबरावर मात्र असा पसरलेला टायर तापतो, झिजतो, ट्रॅक्टर डुलतो. म्हणजे रस्त्याला जास्त हवा पाहिजे, वावराला कमी. गुलाबकाकांचं वावर गावापासून पाच किलोमीटर, त्यातले साडेतीन डांबरी. हवा भरायला पंक्चरवाला गावातच. त्यामुळे इकडचे सगळे ट्रॅक्टर रस्त्याच्याच हवेवर काळ्या मातीत उतरतात. चालत्या ट्रॅक्टरवर बसल्या जागी दांडा ओढून हवा सोडता आली आणि परत भरता आली, तर दोन्हीकडची सोय होते.

गुलाबकाकांना या हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या तीन एकरांत हरभरा उगवला, पण चाकं गेली तिथे उगवला नाही. वावरभर दोन-दोन उघडे पट्टे, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. शेजारचे भाऊराव येता-जाता विचारायचे, "काऊन हो गुलाबराव, मलकापूरची लाइन वावरात आणली का? गाडी कवा सुटते?" हे थंडीभर चाललं.

यंदा दिवाळीनंतर पाऊस झाला आणि पेरणी पुढे गेली. ओल पेरणीजोगी होऊन वाफसा येताच काकांनी घरात सांगून टाकलं: बाहेर दहा झाडं असली तर चाकोरीत आठ पाहिजेत. आठाच्या खाली गेलं की ट्रॅक्टर दुसरबीडला, धाकट्या मुलाकडे, संघपालकडे, मालवाहतुकीला. वावरात पुढच्या वर्षीपासून भाड्याची बैलजोडी आणि तिफण.

ट्रॅक्टर गेला म्हणजे वहिनींचं चालवणं गेलं. तीन वर्षांपूर्वी नवरा पुण्याला कंपनीत लागला तेव्हा त्या शिकल्या. आता गावातल्या सात-आठ घरांची पेरणी त्याच करतात. काकांनी हे सांगितलं तेव्हा त्या भांडी घासत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आठ म्हनजे आठ ना मामाजी? मंग नऊ नोका करजा." दुसऱ्या दिवशी त्या प्रज्वलच्या गॅरेजवर गेल्या.

कडुनिंबापासून वावर दीड किलोमीटर, कच्ची गाडवाट. त्या दीड किलोमीटरात चोविसाचे दहा पौंड करायचे, असं ठरलं होतं. गॅरेजसमोर आम्ही हवा भरून पाहिली होती. चालत्या चाकात चौदावरून चोवीसवर काटा व्यवस्थित चढला होता. सोडून पाहिली नव्हती. जी भरते ती सुटतेच, असं प्रज्वलचं म्हणणं होतं आणि मलाही त्यात खोट दिसली नव्हती.

हवा बाहेर पडायच्या दोन तोट्या सीटखाली होत्या, तोंड मागे. वहिनींनी गाडवाटेवर ट्रॅक्टर घातला आणि दोन्ही दांडे ओढले. आम्ही मागे पंधरा-वीस फुटांवर होतो. सुरुवातीला सुसकारा ऐकू आला. मग तो थांबला आणि पाण्याची चिळकांडी येऊन प्रज्वलच्या छातीवर बसली. ती थांबते न थांबते तोच दुसरी आली. पाणी गढूळ होतं आणि त्याला कुजक्या रबराचा वास होता.

"वहिनी! बंद करा, बंद करा!" प्रज्वल ओरडला.

इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. चिळकांड्या एका तालात येत होत्या. मी चाकाकडे पाहिलं: व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आला की पाणी, वरच्या बाजूला गेला की हवा. चाकाच्या एका फेऱ्याला एक चिळकांडी. डाव्या-उजव्या चाकांचे व्हॉल्व्ह एका रेषेत नव्हते, म्हणून आमच्यापर्यंत दोन येत होत्या.

प्रज्वलने हॉर्न धरून ठेवला. ट्रॅक्टर थांबला. काकांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

"भिजले कसे बे तुम्ही?"

"तुमच्या टायरातून, काका. पानी हाय टायरात."

"हाव. मंग?"

"मंग काय? मी इचारलं होतं तुम्हाले, टायरात काय हाय म्हनून."

"तू इचारलं हवा कितीक हाय. मी म्हनलं पंक्चरवाला पाह्यते." काका मडगार्डवरून उतरले. "ट्रॅक्टरच्या टायरात पानी नाई तर काय राह्यते? सांगाची गोष्ट हाय का ते? उद्या इचारशीन, टाकीत डिझेल हाय का."

इथे असंच आहे. ट्रॅक्टर विकत आणला की मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरतात, वजनासाठी, म्हणजे ओढताना चाक जागच्या जागी फिरत नाही. टायर तेरा-चौदा इंची असेल तर एकेकात दीडशे लिटरच्या आसपास. भरताना व्हॉल्व्ह वर ठेवतात. जोडणी करतानाही प्रज्वलने जॅक लावून व्हॉल्व्ह वरच घेतला होता, म्हणून तेव्हा त्याच्या हाताला फक्त हवा लागली. ट्रक-जिपांच्या टायरात कोणी पाणी भरत नाही. वहिनींनी तो टायर ट्रॅक्टर घरात आल्यापासून तसाच पाहिलेला होता, म्हणून त्यांनाही सांगायचं सुचलं नव्हतं.

मीटरांवर काटे चौदावर आले होते. टायर मात्र फारसा पसरला नव्हता. मी पट्टी लावून पाहिलं. जमिनीला टेकलेली लांबी दोन बोटांनीही वाढली नव्हती. पाणी दबत नाही, जागा सोडत नाही. वरच्या पाव भागातली हवा सुटली, एवढंच.

"पानी काढा," वहिनी म्हणाल्या.

"काढा?" काका म्हणाले. "तीनशे किलो वजन जाईन. नऊ दाते हायेत मांगं. ओल्या वावरात जागीच फिरन ते चाक. मंग रेल्वे नाई, हीर खोदशीन तू."

"फिरलं तर थांबतो. पन पानी ठेवून पेरलं तर मांगच्या वर्षीचंच होते. मंग आज काऊन आलो आपन?"

"मले काय इचारते? मी आणलं का हे लाल नळ्यायचं सोंग?"

"तुम्ही आठ म्हनलं म्हनून आणलं, मामाजी."

 काकांनी आभाळाकडे पाहिलं, मग वाकून वाटेकडेची माती मुठीत दाबली आणि सोडली. मुठीचा गोळा पडून फुटला. वाफसा होता, पण उन्हं चढत होती. "जल्दी करा," ते म्हणाले.

जॅक लावून एकेक चाक उचललं, व्हॉल्व्ह खाली आणला, आतली पिन काढली. पाणी बारीक धारेने येऊ लागलं. प्रज्वलने मधून मधून हवा मारून ते ढकललं. धार वाटेकडेच्या चारीत सोडली होती. तिथे कुठूनशा चार शेळ्या येऊन उभ्या राहिल्या, वास घेऊन परत गेल्या. दोन्ही चाकं मिळून दीड तास लागला. तळाशी थोडं पाणी राहिलंच. उजव्यात डाव्यापेक्षा जास्त.

त्या वेळात मला एक अडचण दिसली आणि मी ती वहिनींना सांगितली. आता आपण एका वेळी दोन गोष्टी बदलतोय. पाणी काढलं म्हणून वजनही कमी झालं आणि हवाही कमी करतोय. हरभरा उगवला तर तो कशामुळे, हे सांगता येणार नाही.

वहिनी बादलीत हात धूत होत्या. "डिंपल, उगवला तर मी कोनाले इचारनार नाई कशानं उगवला. तुले पाह्यजे तर पुढच्या वर्षी अलग अलग करू. पन पुढचं वर्ष आलं पाह्यजे ना अगुदर."

पुन्हा हवा भरून काटे चोवीसवर आणले. ट्रॅक्टर निघाला. या खेपेला प्रज्वलने मोटारसायकल बरीच मागे ठेवली. दांडे ओढल्यावर सुसकारा आला आणि चालू राहिला. उजव्या तोटीतून थोडे तुषार, मग तेही नाहीत. वावराच्या तोंडाशी पोचेपर्यंत डावा काटा दहावर होता, उजवा अकरावर. डोळ्यांनाही आता फरक दिसत होता. टायरचं पोट खाली फुगलं होतं.

"पंक्चर झाल्यावानी दिसून राह्यलं," काका म्हणाले. ते मडगार्डवर परत बसले नाहीत, धुऱ्यावर उभे राहिले.

वहिनींनी दाते खाली सोडले आणि पहिली फेरी घेतली. वावराच्या मध्यावर थोडी खोलगट जागा आहे, तिथे ओल जास्त राहते. तिथे उजवं चाक दोनदा जागच्या जागी फिरलं. काकांनी काठी वर केली. वहिनींनी ते पाहिलं असावं, पण त्या थांबल्या नाहीत. दाते थोडे उचलले, चाकाने पकड घेतली, दाते पुन्हा खाली. पुढच्या फेऱ्यांत ती जागा यायच्या आधीच त्या वेग कमी करून उजवा दांडा क्षणभर ओढायच्या आणि काटा नऊवर न्यायच्या, पुढे गेल्यावर परत भरायच्या. मग चाक जागच्या जागी फिरलं नाही.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" फेरीच्या शेवटी मी विचारलं.

"कोनी नाई. करून पाह्यलं."

मी चाकोऱ्या मोजल्या. शेजारी भाऊरावांचा ट्रॅक्टर कालच पेरून गेला होता, पाणी भरलेले टायर, नेहमीची हवा. त्यांच्या धुऱ्याकडेच्या चाकोरीची खोली नऊ सेंटिमीटर. आमची पाच, खोलगट जागेत सहा. रुंदी आमची जास्त. दोन्हींत माती एकसारखी होती का, हे मी तपासलेलं नाही.

तीन एकर संपायला दुपार टळली. परत निघताना गाडवाटेच्या सुरुवातीलाच वहिनींनी कॉम्प्रेसर चालू केला. कडुनिंबाशी येईपर्यंत काटे पुन्हा चोवीसवर होते. त्या न थांबता डांबरावर चढल्या आणि गावाकडे गेल्या.

पंधरवड्याने मी मोजायला गेले. हरभरा चार बोटं वर आला होता. धुऱ्यावरून पाहिलं तर चाकोऱ्या ओळखू येत होत्या. तिथली रोपं थोडी लहान होती, पण पट्टा उघडा नव्हता. आठ की कमी, ते डोळ्यांना कळण्यासारखं नव्हतं. माझ्याकडे मीटरभराची पट्टी होती. कागदावर मी दहा जागा आधीच ठरवून आणल्या होत्या.

गुलाबकाकांनी कागद बाजूला सारला. "तुह्या जागा तुह्यापाशी ठेव. मी काठी फेकतो. पडन तिथं मोज. चाकोरीतलं एक मीटर, बाजूचं एक मीटर."

हे माझ्या कागदापेक्षा वाईट नव्हतं. त्यांनी पहिली फेक केली. काठी खोलगट जागेच्या बरोबर मध्ये पडली, जिथे रोपं सगळ्यांत विरळ होती. दुसरीही तिथेच, हातभर अलीकडे.

"मामाजी," वहिनी म्हणाल्या, "आंबे पाडून राह्यले काय? नेम धरून नोका फेकू."

"कोन नेम धरते?"

"पाठ फिरवा मंग. डोक्यावरून मांगं फेका."

काकांनी काठी उचलली. मग पाठ फिरवली. पहिल्या दोन फेकी रद्द करू का, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, नको, राहू दे, त्यायनं फेकल्या त्या फेकल्या. पुढची काठी धुऱ्याजवळ पडली. त्यानंतरची भाऊरावांच्या वावरात गेली. ती तेवढी धरली नाही. भाऊराव त्यांच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले होते. त्यांनी काठी आणून दिली आणि तिथेच थांबले.

मी मोजत गेले आणि आकडे मोठ्याने सांगत गेले. काका प्रत्येक जागी स्वतः वाकून पुन्हा मोजायचे. सहाव्या जागी माझ्या आणि त्यांच्या मोजणीत एका रोपाचा फरक आला. ते ढेकळाखाली वाकलेलं होतं. त्यांनी ढेकूळ उचलून बाजूला ठेवलं आणि रोप मोजणीत धरलं.

वहिनी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभ्या होत्या. त्या मोजायला आल्या नाहीत.

दहा जागांची बेरीज: चाकोरीबाहेर एकशे सात रोपं, चाकोरीत ब्याण्णव. बाहेरच्या दर दहांमागे चाकोरीत आठ पूर्णांक सहा.