दगड शिजवणारी सून

कँटीनमध्ये सुनेचं नाव पडलं होतं ‘दगड शिजवणारी’. कुणी पाडलं ते तिच्या सासूला, म्हणजे कँटीनवालीला, पक्कं ठाऊक होतं. मेल्यांनी तिच्याच हातचा चहा ढोसत पाडलं होतं.

सून कारखान्यात इंजिनीयर. खाणीतल्या दगडासाठी तिनं मायक्रोवेव्हची दांडगी भट्टी बसवून घेतली होती. “आई, सगळा दगड तापत नाही,” तिनं सासूला सांगितलं होतं. “आतले धातूचे कण तेवढे तापतात, फुगतात, नि दगडाला आतून तडे जातात. मग दळायला वीज कमी लागते.” सासूच्या ते लगेच डोक्यात शिरलं. भाजलेले दाणे पटकन कुटले जातात, एवढं कळायला कॉलेज कशाला?

आज चाचणी. मध्येच दगड दळणारी गिरणी बंद पडली तर चाचणी बाद नि भट्टी परत, असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. गिरणी चालवत होता कँटीनवालीचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवराच. नुसत्या आवाजावरून गिरणीच्या पोटातलं ओळखणारा. बापाचाही कान असाच होता. या कानांचा म्हातारीला कोण तोरा!

आणि नेमका तोच कान आडवा आला. एरवी घरघरणारी गिरणी एकाएकी खणखणायला लागली. आतले दगड कुटणारे पोलादी गोळे पोलादावरच आपटत होते.

“दगड यायचा थांबलाय!” मुलगा लाल बटणाकडे धावला. “रिकामी फिरली तर आतलं अस्तर फुटेल!”

“अहो, थांबवू नका!” सून ओरडली. “दगड येतोय. आत पडला की लगेच भुगा होतोय. तिला आणखी हवाय!”

“हा आवाज तू मला शिकवू नकोस.”

“भांडण घरी करा!” चहा घेऊन आलेली म्हातारी गरजली. “आणि मी वर बघून येईपर्यंत बटणाला हात लावलास तर याद राख.”

गुडघ्यांना शिव्या घालत ती लोखंडी जिना चढली. वर पट्टा दगडांनी खच्चून भरला होता, धो धो गिरणीत ओतत होता.

“भरलेला आहे रे पट्टा!” ती वरूनच कडाडली. “तिला भूक लागलीय, वाढ की आणखी!”

मुलगा क्षणभर घुटमळला. मग त्यानं पट्ट्याचा वेग वाढवला. आणखी वाढवला. हळूहळू खणखण विरली नि जुनी घरघर परत आली. विजेचा काटा मात्र जागचा हलला नाही. तेवढ्याच विजेत गिरणी कितीतरी जास्त दगड फस्त करत होती.

“भट्टी राहू दे,” साहेब म्हणाले. “आजी, ही तुमची सून?”

“मग काय तुमची?”

मुलगा खाली मान घालून उभा होता. “तोंड पाडू नकोस,” म्हातारी म्हणाली. “आवाज बदललेला तूच पहिला ओळखलास. का बदलला ते तिनं ओळखलं. माझ्या घरात दोन्ही आहे.”

कँटीनमध्ये गर्दी जमली होती. म्हातारीनं पहिला कप सुनेपुढे ठेवला.

“बाकीच्यांनी थांबा,” ती म्हणाली. “दगड शिजवणारी आधी पिईल.”