दहा जोड्यांचा वेळ

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जमनाने नवव्या प्रश्नालाही ‘कधीच नाय’ असं उत्तर दिलं आणि जागृतीने पेन खाली ठेवलं.

“मावशी, दमत नाही, चिडत नाही, झोपही मोडत नाही?”

“नाय म्हटलं ना. लिही की.”

शिरगावच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. बांबूंच्या उंच वलांडीवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवलेल्या दोन-दोनच्या जोड्या. त्या जोड्या लावायचं काम खाली खुर्चीत बसलेल्या महादूचं, जमनाच्या नवऱ्याचं. सात वर्षांपूर्वीपर्यंत तो तांडेल होता, बोट त्याच्या हुकमावर चालायची. मग एका डोळ्यापुढे धुकं आलं, पाय जड झाले आणि मुंबईच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. उन्हात त्याचे पाय आणखीच हरतात. मासळीसाठी आणलेल्या बर्फाचा तुकडा फडक्यात बांधून जमना त्याच्या मानेवर ठेवते.

जागृती पालघरच्या एका संस्थेकडून आली होती. अशा आजाऱ्यांना सांभाळणारी माणसं ताण कसा पेलतात, ते मोजायला. प्रश्न वीस. ‘कधीच नाही’ला शून्य, ‘नेहमी’ला तीन. सर्वांत जास्त गुणांच्या दहा घरी संस्था आठवड्यातून दोन दुपारी नर्स पाठवणार होती. हे जमनाला आल्या आल्या सांगून झालं होतं. तरी तिचे गुण शून्य.

नियम होता, आजारी माणसासमोर विचारायचं नाही. जागृतीच्या ते आत्ता लक्षात आलं.

“मावशी, जरा घरात बसू या?”

“कशाला? चोरी हाय काय?”

“बाय,” महादू वलांडीखालूनच जागृतीला म्हणाला, “तिला नको विचारू. मला विचार.”

“तुमी गप बसा हो. बोंबील लावा.”

“दुपारी तीनला ती त्या टोकाला जाते. बोंबील उलटवायला, म्हणे. उलटवत नाय. बांबूला डोकं लावून उभी राहते. आदी माझ्या चार जोड्या होईस्तोवर परत यायची. आता दहा होतात.”

जमनाच्या हातातला बोंबील तसाच राहिला. “तुमी मोजता?”

“आनि माझे हात आता मंद झाले, त्यात दहा. मग किती वेळ, ते तूच बघ.”

“मेलं, बोलायचं नाय काय कदी?”

“तांडेल हाय मी. बोट कुठं थांबते ते बघणार नाय?”

जमनाने पदराने हात पुसले. महादूच्या मानेवरचं फडकं उलटं करून गार बाजू खाली घातली. मग जागृतीसमोर येऊन बसली.

“पयल्यापासून विचार. पण हितंच. यांच्यासमोर.”

जागृतीने नवा कागद काढला. दमता का? “नेहमी.” झोप मोडते का? “नेहमी. पाय आकडतात यांचे, चोळायला लागतात.” चिडता का? “यांच्यावर नाय. डॉक्टरवर.” महादू हसला.

चौदावा प्रश्न होता : हे आता आपल्याच्याने होणार नाही, असं वाटतं का?

जमनाने वलांडीकडे बोट दाखवलं.

“सकाळपासून बावीस जोड्या लावल्या यांनी. बोटं उघडत नाय, तरी. ते कुठं लिवायचं तुझ्या कागदात?”

“त्याला जागा नाही, मावशी.”

“मग हितं कोरी सोड.”

“कोरं चालत नाही. ‘नाही’ लिहू?”

“नाय म्हटलं तर खोटं. हो म्हटलं तर हे बसलेत समोर.”

महादूने मान वर केली नाही. तेविसावी जोडी लागली.

कागद बुधवारी पालघरला पोचला. एकोणीस उत्तरांचे गुण चव्वेचाळीस. चौदाव्या प्रश्नापुढची जागा कोरी आहे. तिला किती गुण द्यायचे, की कागदच बाद धरायचा, हे संस्थेने अजून ठरवलेलं नाही.