तिसऱ्या सहीआधी

"फोन उचलू नगं," शिवबाई म्हणाली.

नागव्वानं फोन पदराखाली दाबला. तो तिथंच थरथरत राहिला. दुधनीहून सोलापूरला येईपर्यंत ईरप्पाचे एकवीस फोन येऊन गेले होते. नवी पेठेतल्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर, वकीलबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. शिवबाई ईरप्पाची पहिली बायको, वय सेहेचाळीस. नागव्वा दुसरी, एकोणतीस वर्षांची. तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. मधे नागव्वाची सहा वर्षांची संगू बसली होती. ती शिवबाईला कानडीत 'दोड्डव्वा' म्हणायची, म्हणजे थोरली आई. झोपायची तिच्याच कुशीत.

बाकाच्या टोकाला अमिना नावाची एक बाई आपल्या नंबराची वाट बघत होती. तिनं नागव्वाचा डोळा पाहिला, हळूच चौकशी केली आणि दोघी सवती आहेत हे कळल्यावर चकित झाली.

"टीव्हीवर तर रोज आमच्याच लोकांच्या बायका मोजतेत. तुमच्यात बी होतं व्हय हे?"

"होतं की," शिवबाई म्हणाली. "आमच्यात स्टँपवर लिहून होतं."

खोटं नव्हतं ते. सात वर्षांपूर्वी, मूल होत नाही म्हणून ईरप्पानं तिला कोर्टाच्या आवारात आणलं होतं. 'माझ्या पतीच्या दुसऱ्या विवाहास माझी राजीखुशीने संमती आहे.' खाली तिची सही. शाळेत चौथीपर्यंत शिकल्याचा तेवढाच उपयोग झाला, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं. सवत घरात आली तेव्हा तिनंच ओवाळलं. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? हातानं लिहून दिलेलं.

नागव्वाला मुलगी झाली. पुढं दोनदा पोट राहून गेलं. आणि परवा ईरप्पानं पुन्हा स्टँपपेपर आणला. कलबुर्गीकडची मुलगी बघितली होती. या वेळी सह्या दोघींच्या हव्या होत्या. नागव्वानं कागद चुलीत घातला. सुजलेला डोळा ही त्याचीच शिक्षा होती.

वकीलबाई अंकिता तिशीच्या आतल्या होत्या. नंबर आल्यावर तिघींना आत बसवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मारहाणीची तक्रार आजच देऊ. नागव्वाताई आणि मुलगी, दोघींची राहायची सोय पुण्याकडच्या एका संस्थेत होईल. पण दोन बायका केल्याची तक्रार पहिल्या बायकोलाच करावी लागते. ती झाली तर तिसरं लग्न रोखायला आपल्या हातात काहीतरी येईल."

नागव्वानं विचारलं, "मंग मी कोण?"

अंकितांनी पेन खाली ठेवलं. "कायदा तुमचं लग्न धरत नाही, ताई. मुलीचा हक्क मात्र जात नाही."

नागव्वा हसली की रडली, कळलं नाही. शिवबाईनं समोरचा तक्रारीचा कागद दूर सारला. "मी सही केली तर हिचं कुकूच पुसल्यावानी हुईल, मॅडम. मी निस्ती सोबत आले हुते."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. त्या चपला दोघी ओळखत होत्या. संगू टेबलाखाली शिरली.

ईरप्पा आत आला. खालच्या दुकानात आलेल्या कुणा गाववाल्यानं त्याला कळवलं असावं. ओरडला नाही. त्याचा आवाज खाली असला की घरात जास्त भीती वाटायची.

"शिवे, ऊठ. पोरीला घे. गाडी खाली हुबी हाय." मग त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला जुना कागद काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, बगा. हिनंच लिवून दिलंय. मी चोरून काय केलं न्हाय."

अंकितांनी कागद वाचला आणि परत सरकवला. "याला काही किंमत नाही. बायकोनं परवानगी दिली म्हणून गुन्हा माफ होत नाही."

"कायच न्हाय?" हे शिवबाईनं विचारलं.

"काहीच नाही."

"माजी चूक झाली म्हनून मी सात वर्सं गप बसले, मॅडम."

"चूक तुमची नव्हती, मावशी. तेव्हाही नव्हती."

खालून दुकानदाराचा कापडाचे मीटर मोजण्याचा आवाज येत होता. शिवबाईनं नागव्वाकडं पाहिलं. तिचा उघडा डोळा कोरडा होता.

"करा अक्का," नागव्वा म्हणाली. "मी पुसलं कवाच."

शिवबाईनं पेन घेतलं. दूर सारलेला कागद पुन्हा पुढं ओढला आणि सहीचं एकेक अक्षर काढलं.

ईरप्पा पुढं आला. अंकिता उठून उभ्या राहिल्या, दारात अमिनाही येऊन थांबली होती. तो थबकला.

"घरात पाऊल ठिवू नगं मग."

"घर माजंबी हाय," शिवबाई म्हणाली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "सांजच्या गाडीनं येते. कडी लावू नगासा. मॅडमचा नंबर हाय माज्याकडं."

तो गेला. जाताना तो जुना कागद टेबलावरच विसरला.

पोलीस चौकीतलं काम उरकून एसटी स्टँडवर यायला चार वाजले. पुण्याची गाडी लागली होती. संस्थेची एक बाई सोबत होती.

"अक्का, तुमी बी चला की," नागव्वानं तिचा हात घट्ट धरला. "त्यो मारंल तुमाला."

"मारंल बी. पर मी आले तर दार मोकळं ऱ्हाईल, आन त्या दारातनं कलबुर्गीची पोरगी आत येईल. कुनीतरी बसाया पायजे तितं."

संगू तिच्या मानेला मिठी मारून होती. सुटेना. एकेक बोट सोडवावं लागलं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून कानडीत ओरडत होती, पण इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत. शिवबाईनं हात वर केला आणि गाडी वळेपर्यंत तसाच ठेवला.

दुधनीला रेल्वेतून उतरताना ऊन अजून होतं. फलाटावर पाय ठेवताच तिनं संगूला उतरवायला सवयीनं मागं हात केला. मग आठवलं. पण तेवढ्यात त्या हातात एक खरबरीत हात आला. मागून उतरणाऱ्या एका अनोळखी म्हातारीनं तो धरला होता.

"लई उपकार झालं, बाई," म्हातारी म्हणाली.

तिचे दोन्ही पाय फलाटावर टेकेपर्यंत शिवबाई तशीच उभी राहिली.