हिरड्यांच्या रंगाचं बूच

गाडी घेतली त्या दिवशी त्याने बायकोला फोन करून फक्त "जरा खाली ये" एवढंच सांगितलं. ती ओले हात पुसत खाली आली. फाटकाजवळ एक गडद हिरवी गाडी उभी होती. सोळा वर्षांची, पण धुऊनपुसून लख्ख केलेली. आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून नवरा उभा होता, फोटो काढून घ्यायला उभा राहावा तसा.

"कुणाची?"

"आपली."

तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे त्याच्या छोट्या कारखान्यात यायचे. त्यावरून तो साचे करायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. तेवीस वर्षं हेच काम. केसाएवढा फरक पडला तरी कवळी टोचते आणि माणूस कुरकुरत परत येतो, त्यामुळे घाई त्याच्या रक्तातच नव्हती. असा हा माणूस सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून, कुणाला न विचारता, जुनी गाडी घेऊन घरी आला होता. कारण ती टर्बो होती. कॉलेजात असताना एका मित्राच्या काकांच्या अशाच गाडीत तो एकदा बसला होता, आणि पाठ सीटला चिकटल्याचा तो क्षण त्याच्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

बायको गॅस कंपनीत होती. गळती शोधणं हे तिचं काम. साबणाच्या पाण्याची बाटली आणि एक ब्रश घेऊन ती दिवसभर तळघरांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, लोकांच्या ओट्याखाली वाकून पाइप तपासायची. तिच्या हाताखालून एकही गळती सुटत नाही, असं तिचे वरिष्ठही म्हणायचे.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. त्याने मनातल्या मनात दहा प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "रंग छान आहे," आणि वर निघून गेली. एकही प्रश्न आला नाही, हेच त्याला जास्त लागलं.

त्या रविवारी दोघं सासूबाईंकडे निघाले. त्या शहराबाहेर टेकडीवर राहायच्या, आणि घरापर्यंतचा रस्ता सगळा चढाचा होता. सपाटीवर गाडी झकास चालली. "बघ हं," तो म्हणाला, "इंजिनातून जो धूर बाहेर पडतो ना, त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तोच टर्बो. चढावर कळेल तुला."

चढावर कळलंच. पहिल्या वळणानंतर कुठून तरी बारीक शिट्टी वाजायला लागली आणि गाडीचा दम गेला. त्याने ॲक्सिलरेटर दाबला तर जोर वाढायच्या ऐवजी मागे काळा धूर निघाला. शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये, रांगत, ते वर सरकत राहिले. मागून पावाची गाडी आली, तिने दोनदा हॉर्न दिला आणि पुढे निघून गेली. जाता जाता तिच्या ड्रायव्हरने, आजारी माणसाला करावा तसा, हळूच हात केला.

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं.

सासूबाई फाटकात उभ्या होत्या. धुराकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, गाडीने आलात की गाडीला घेऊन आलात?"

"नवीन आहे ना आई, अजून हात बसायचाय," तो म्हणाला आणि कान लाल करून आत गेला.

पुढचे तीन रविवार तो नदीकाठच्या लांबच्या रस्त्याने गेला. तो रस्ता टेकडीला मागून वळसा घालून हळूहळू चढायचा. "इकडून झाडी बघायला मिळते," तो म्हणायचा. बायको झाडी बघायची. मधल्या एका दिवशी तो गुपचूप गॅरेजमध्ये जाऊन आला. मेकॅनिक दुसऱ्या गाडीत डोकं घालून बसला होता. त्याने तिथूनच इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "साहेब, टर्बो संपलाय. नवा टाकायचा तर निम्मी गाडी त्यातच जाईल. बघा काय करताय."

तो तोंड पाडून घरी आला. रात्रीच्या जेवणात मीठ जास्त झालंय हेही त्याला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर गाडी विकायची जाहिरात टाकली आणि मूग गिळून बसला.

पण जाहिरातीत त्याने घरचा पत्ता दिला होता. शनिवारी दुपारी तो कामावर असताना एक माणूस दारात येऊन उभा राहिला. "हिरवी गाडी बघायला आलोय."

बायकोने दार अर्धंच उघडं धरलं. मग शांतपणे म्हणाली, "ती विकायची नाही."

संध्याकाळी तो बूट काढतोय तोच ती समोर येऊन बसली. "कुणीतरी गाडी बघायला आलं होतं."

त्याचा एक बूट हातातच राहिला.

"घेताना सांगितलं नाहीत, बिघडली तेव्हा सांगितलं नाहीत, आता विकतानाही नाही. मी कोण आहे या घरात?"

"अगं तसं नाही..."

"मग कसं?"

तो बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. मग एकदम म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू तपासली असतीस. आणि तपासली असतीस तर खोट सापडली असती. मग मी घेतली नसती. मला एकदा, एकदाच, काहीतरी न तपासता घ्यायचं होतं."

रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण तिचा चेहरा उतरला. "घरीही मी तपासतच असते, असं वाटतं तुम्हाला?"

"कधी कधी," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला जिभेचा राग आला.

ती उठली, खिडकीपाशी गेली. खाली पत्र्याच्या शेडमधून गाडीचं नाक डोकावत होतं. "दुपारी घरी असले ना," ती पाठमोरीच म्हणाली, "की मी खाली जाऊन बसते तिच्यात. चावी न लावता. सीट किती आरामाची आहे. तुम्हाला सांगणार होते, पण तुमचं तोंड बघून धीर झाला नाही."

त्याने हातातला बूट खाली ठेवला. मग तिनेच विचारलं, "मेकॅनिकने उघडून पाहिलं का काही?"

"नाही. आवाज ऐकला आणि म्हणाला टर्बो संपला."

"संपला असता तर शिट्टी कोण वाजवतंय? शिट्टी वाजते म्हणजे पंखा हवा ढकलतोय, आणि ती हवा मध्येच कुठेतरी बाहेर पडतेय. आमच्याकडे असं झालं की आम्ही एक टोक बंद करतो, दुसऱ्या टोकाने हवा भरतो आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावतो. जिथे बुडबुडा, तिथे चोर." तिने बोटांनी माप दाखवलं. "पण पाइपाच्या तोंडात घट्ट बसेल असं बूच पाहिजे. हवा भरायला मध्ये भोक असलेलं. या मापाचं माझ्याकडे नाही."

तो इतका वेळ खाली बघत होता. आता त्याने मान वर केली. "बूच मी करतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हवेच्या गाळणीकडून टर्बोकडे जाणारा जाड रबरी पाइप सोडवला आणि त्याच्या तोंडाचा ठसा घेतला, अगदी जबड्याचा घ्यावा तसा. मग तो कारखान्यात गेला. साचा केला आणि कवळीसाठी वापरतात तेच साहित्य त्यात ओतलं. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. बाहेरून एक खाच घासली, म्हणजे क्लिप आवळल्यावर बूच निसटणार नाही. दुपारी तो परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर मुठीएवढं, चकचकीत, हिरड्यांच्या गुलाबी रंगाचं बूच होतं.

बायकोला हसू आवरेना. "याला दोन दात बसवले असतेत तर गाडी आपणहून बोलली असती काय झालंय ते!"

बूच पाइपात असं बसलं की क्लिप आवळायच्या आधीच ते हलेना. तिने ते वळवून पाहिलं, ओढून पाहिलं, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवीस वर्षांत त्याच्या कामाला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी असावी, असं त्याला वाटून गेलं.

तो पायाच्या पंपाने हवा भरू लागला. पंपावरचा काटा थोडा चढायचा आणि त्याने पाय थांबवला की घसरायचा. ती डोळे मिटून ऐकत होती. मग बाटली आणि ब्रश घेऊन गाडीच्या पुढच्या भागाखाली आडवी झाली. "भरत राहा. थांबू नका."

"थांबत नाहीये," तो धापा टाकत म्हणाला.

"इकडे या!"

तो पोटावर सरपटत तिच्या शेजारी गेला. टर्बोकडून आलेली गरम हवा गार करायची एक जाळी पुढे असते. त्या जाळीखालच्या रबरी पाइपाच्या बुडाला, वरून कधीच दिसणार नाही अशा जागी, बोटभर चीर होती. हवेचा दाब आला की ती ओठांसारखी उघडायची. तिच्यावर साबणाचा एक भलामोठा बुडबुडा फुगला, फुटला, दुसरा फुगला. जवळच एक क्लिपही सैल सापडली. दोघं धुळीत पडल्या पडल्या त्या बुडबुड्यांकडे बघत हसत होते. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने डोकावून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"गळती आहे!" ती आनंदाने ओरडली.

नवा पाइप यायला चार दिवस लागले. तो बसवून ते थेट टेकडीकडे निघाले. पहिलं वळण गाडीने झोकात घेतलं, शिट्टी गेली होती, धूर नव्हता. पण निम्म्या चढावर, तो जरा जोर करायला गेला तेव्हा, गाडी परत ढेपाळली. आधीइतकी नाही, तरी ढेपाळलीच.

घरी येऊन त्यांनी पुन्हा बूच लावलं, हवा भरली. काटा आता बराच वेळ टिकत होता. सगळा साबण संपला, एक बुडबुडा दिसला नाही.

"मेकॅनिकचंच खरं म्हणायचं," तो म्हणाला.

"इतक्यात नाही." पण तिलाही पुढे सुचत नव्हतं.

सुचलं ते बुधवारी, कामावर. एका बंगल्यात मीटर वेगाने फिरत होता, बाहेर गळती मात्र कुठेच नव्हती. शेवटी सापडलं ते असं, की गच्चीवरच्या खोलीत कुणीतरी एक शेगडी चालूच ठेवली होती. गॅस घरातल्या घरातच जात होता. तिने तिथूनच फोन केला. "अहो, आपण दाब टर्बोच्या दोन्हीकडे सारखा भरतो. हवा जर बाहेर न जाता आतल्या आत, पुढून मागे जात असेल, तर बुडबुडा येणारच नाही! अशी काही जागा आहे का?"

त्याने गाडीची जुनी माहितीपुस्तिका काढली आणि जेवणाच्या सुट्टीत बोट ठेवत ठेवत वाचली. जागा होती. मुठीत मावेल असा एक व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की जास्तीची हवा तो मागे सोडतो, आणि एरवी घट्ट बंद असतो. आतला पातळ रबरी पडदा शाबूत आहे का हे बघायची साधी रीत त्याने कारखान्याखालच्या, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराकडून समजून घेतली. व्हॉल्व्हच्या नळीला तोंड लावून हवा ओढायची. पडदा चांगला असेल तर नळी जिभेला चिकटते.

संध्याकाळी व्हॉल्व्ह काढल्यावर आधी त्याने ती नळी सवयीने स्पिरिटने पुसली. मग ओढली. हवा सरळ आली, रिकाम्या बाटलीतली सरबताची नळी ओढावी तशी.

"फाटलाय," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. सापडलं होतं.

नवा व्हॉल्व्ह मागवायला तो त्याच मेकॅनिककडे गेला आणि फाटका त्याच्या हातात ठेवला. मेकॅनिकने तो उलटसुलट केला, जरा ओशाळला. "साहेब, त्या दिवशी मी नुसता कानाने निकाल दिला. हात काळे करायला हवे होते." मग गुलाबी बुचाची गोष्ट ऐकून तो चकित झाला. "मला करून द्याल अशी तीनचार? वेगवेगळ्या मापांची?"

"ठसे आणून द्या," तो म्हणाला, डॉक्टरांना सांगतो त्याच थाटात.

रविवारी गाडी चढावर चढली म्हणण्यापेक्षा चढ खाली राहिला. तिसऱ्या वळणानंतर त्याने पाय दाबला आणि दोघांच्याही पाठी सीटला टेकल्या. बायकोच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं आणि मग ती खळखळून हसली. त्याने तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. सासूबाईंची अजून अंघोळही आटोपली नव्हती. "एवढ्या लवकर?" त्या आतून ओरडल्या. "मी तुमचा वेळ धरून कुकर लावणार होते!"

सोमवारी सकाळी तो आवरून बाहेर आला तर किल्ली जागेवर नव्हती. शेड रिकामी होती. तो बसने कामाला गेला, तेवीस वर्षांत पहिल्यांदा अर्धा तास उशिरा. दुपारी फोन वाजला.

"अहो, मी गाडी आणलीये. विचारलं नाही तुम्हाला."

"बरं केलंस."

"वळताना डाव्या पुढच्या चाकातून टकटक येतेय. फार नाही, बारीकशी."

तो हातातला साचा खाली ठेवून नीट ऐकू लागला. "उजवीकडे वळताना की डावीकडे?"

"उजवीकडे. संध्याकाळी बघू या."

"ये," तो म्हणाला. "मी बाह्या वर करून बसतो."