चढावर दमलेला टर्बो

मी एक जुना टर्बो आहे. दिसायला गोगलगाईच्या शंखासारखा, आकाराने नारळाएवढा. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या एका डिझेल जीपच्या इंजिनाला मला जोडलं, त्याला सोळा वर्षं झाली. मित्रांनो, माझं काम तसं साधं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराने माझं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा पोटभर मिळाली की डिझेलचा थेंबन् थेंब नीट जळतो. वाया जाणाऱ्या धुरातून मी बळ काढतो, याचा मला भारी अभिमान होता.

जीप जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. डोंगरातल्या वस्त्यांवर त्या एकट्याच जायच्या. घाई नाही, उगाच जोर देणं नाही. चढ चढून पोचल्यावर इंजिन मिनिटभर नुसतंच चालू ठेवायच्या. तेवढ्यात तेल माझ्या तापलेल्या दांड्याभोवती फिरून मला निववायचं. टाकीभर डिझेल आठ दिवस पुरायचं. गॅरेजचे मिस्त्री म्हणायचे, "बाई, तुमची गाडी डिझेलच्या नुसत्या वासावर चालते."

मग बाई एका गोठ्यात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. गाडी त्यांचा धाकटा भाऊ चालवू लागला. मनाने सोन्यासारखा, पण धीर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. चढावर इंजिन पिळून काढायचा आणि पोचताक्षणी चावी फिरवून ते बंद करायचा. तेल जागच्या जागी थांबायचं, माझ्या अंगावर करपायचं.

"अरे, मिनिटभर थांब," बाई सांगायच्या.

"ताई, गाडी आहे ती. तिला कसला दम लागतो?"

तेल बदलायची तारीख टळली. हवेच्या रबरी नळीला चीर गेली, तीही कुणी पाहिली नाही. मी ओढलेली निम्मी हवा वाटेतच निसटू लागली. काळा धूर निघू लागला, आठ दिवसांचं डिझेल पाच दिवसांत संपू लागलं. भाऊ चिडून म्हणाला, "हा टर्बोच काढून टाकू." मी मुका. काय सांगणार?

एका दुपारी डोंगरावरच्या वस्तीतल्या एका आजोबांचा फोन आला. घोडी अडली होती, शिंगरू आडवं आलं होतं. शेवटच्या खड्या चढावर चारही चाकं जोडूनही जीप पुढे सरकेना. मी जिवाच्या आकांताने फिरायला बघत होतो, पण करपलेला दांडा वळेना. गाडी थांबली. बाई प्लास्टरमधला हात छातीशी धरून पायी निघाल्या, मागे भाऊ औषधांची पेटी घेऊन.

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. घोडी वाचली होती, शिंगरू गेलं होतं. भावाने पेटी मागे ठेवली आणि तो स्टिअरिंगसमोर नुसता बसून राहिला.

"आजोबा काय म्हणाले, ऐकलंस ना?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"अर्धा तास आधी आलो असतो तर जगलं असतं म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं, ताई."

बाईंनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

उतारावरून जीप कशीबशी गॅरेजात आणल्यावर मिस्त्रींनी मला उघडलं, काळा पडलेला दांडा भावाच्या हातात दिला. "याची काही चूक नाही रे बाबा. हा तेलावाचून उपाशीही राहिला आणि भाजलाही." त्या दिवशी भावाने मिस्त्रींशेजारी बसून मला स्वतः रॉकेलने धुतलं. दांडा नवा, नळी नवी, तेल नवं. टाकी पुन्हा आठवडाभर पुरू लागली.

मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही. ते धुरातून सांगतं, आवाजातून सांगतं, वाढलेल्या तहानेतून सांगतं. तेवढं ऐकत जा. बाईंचा हात आता बरा झाला आहे, तरी गाडी भाऊच चालवतो. वस्तीवर पोचलं की बाई उतरून झपाझप पुढे जातात. तो मात्र चावीला हात न लावता जागेवरच बसतो. कुणी विचारलं तर सांगतो, "आलोच. याला जरा दम खाऊ दे."