ल्युसीबाईंचे चट्टे आणि माझी भिंगं

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. मित्रांनो, माझ्या नळीवरचा काळा रंग उडाला आहे, पण माझ्या भिंगांचा मला अजूनही अभिमान वाटतो. अंबाल्याच्या एका कारखान्यात मी घडलो आणि बोरिवलीला डॉक्टर पद्मजा यांच्या दवाखान्यात आलो. त्या त्वचेच्या डॉक्टर. खरजेचे किडे, गजकर्णाची बुरशी, सगळं मी त्यांना दाखवत असे. पण माझं सर्वांत मोठं काम झालं ते १९८६ साली.

गोराईच्या ल्युसीबाई एका बालवाडीत मुलांसाठी खिचडी रांधत. त्यांच्या कोपरांवर आणि हातांवर लाल चट्टे उठले. त्यांवरून चंदेरी खवले गळू लागले. पालकांनी ओरड केली, तेव्हा बालवाडीच्या प्रमुख कुंदाताईंनी त्यांना घरी बसवलं.

"डॉक्टर, खरं काय ते सांगा," ल्युसीबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं पोरांना भरवलंय मी. माझ्यामुळे त्यांना काही होणार असेल, तर मीच जाणार नाही."

डॉक्टरांनी आधी खवले खरवडून माझ्याखाली ठेवले. बुरशी नव्हती. मग कातडीचा मुगाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याची काचपट्टी तयार होऊन आली, तेव्हा त्यांनी कुंदाताईंनाही बोलावून घेतलं.

"तुम्ही स्वतः बघा."

कुंदाताई माझ्यावर वाकल्या. "अगं बाई, केवढे जांभळे ठिपके! हेच ना ते जंतू?"

"नाही हो. या ल्युसीबाईंच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू आले की त्या लढायला धावतात. इथे जंतू नाहीत, तरी त्या जमल्यात. त्यांनी डिवचल्यामुळे कातडी भराभर वाढते आणि खवले पडतात. इतकी वर्षं आम्ही कातडीलाच दोष देत होतो. आता नवं संशोधन रोगप्रतिकारशक्तीकडे बोट दाखवतंय. ती अशी का बिथरते, ते अजून नीट कळलेलं नाही. पण हा सोरायसिस आहे. शिवल्याने किंवा हातचं खाल्ल्याने तो कुणालाही होत नाही."

कुंदाताई बराच वेळ पाहत राहिल्या. मी चित्र जराही हलू दिलं नाही. मग त्या वळल्या आणि चक्क ल्युसीबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चुकलं माझं, ल्युसी. सोमवारी येशील ना? पोरं माझ्या खिचडीला तोंड लावत नाहीत गं."

ल्युसीबाई हसल्या आणि लगेच रडल्या.

आजार गेला नाही. मलमाने चट्टे कमी होत, थंडीत पुन्हा उठत. पण बालवाडीत त्यांनी पुढे कधी हात झाकले नाहीत. दोन वर्षांनी दवाखान्यात विजेच्या दिव्याचा नवा मायक्रोस्कोप आला आणि मी कपाटात गेलो. कुणी माझी भिंगं पुसत नाही, याचं वाईट वाटतं.

तरी एक मागणं आहे, मित्रांनो. कुणाच्या अंगावर चट्टे दिसले, तर त्याच्यापासून लांब सरकू नका. त्याच्या शेजारी बसा आणि डबा उघडा.